पाठ पुढे, धार मागे

खुर्चीच्या लाकडी हातावर अण्णांचा डावा तळहात आपटला आणि धाकटी जागच्या जागी थांबली. तिच्या हातातला वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर मधोमध टेकला होता. तो उचलल्यावर पट्ट्यावर नखाएवढी चीर दिसली. धार लावताना पट्ट्यावर वस्तरा नेहमी पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढायचा असतो. उलट ओढला तर तो पट्टाच कापतो. लहानपणापासून हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. पाहणे आणि करणे यांतले अंतर मात्र माणसाला नेमके घाईच्या दिवशी कळते.

अण्णांनी, तिच्या वडिलांनी, ही चूक पाहिली नव्हती. त्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. त्यांनी ती ऐकली होती. हयातभर त्यांनी लोखंडी पूल तपासले होते: हातोडीने रिव्हेट ठोकायचा आणि आवाजावरून तो घट्ट की सैल ते सांगायचे. पक्षाघाताने त्यांची वाचा नेली, उजवी बाजू नेली. कान बहुधा नजरचुकीने मागे राहिला.

"कळलं अण्णा. उलटा धरला," ती म्हणाली आणि पाते फिरवले.

दुपारच्या आत थोरला भाऊ वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिका बाईंना घेऊन येणार होता. बाई अण्णांना 'बघणार' होत्या. घर, जनावर आणि म्हातारा माणूस या तिघांसाठी एकच क्रियापद पुरावे, ही भाषेची गरिबी की तिचा प्रामाणिकपणा, असला प्रश्न थोरल्याला पडण्यासारखा नव्हता. त्याने फोनवर सांगितले होते की तिची तळमळ त्याला दिसते, पण अण्णांचा अवतारही दिसतो. ज्या माणसाने पुलावर जातानाही कधी दाढी वाढलेली ठेवली नाही, त्याचे तोंड आज रान माजलेल्या कुंपणासारखे झाले आहे, आणि याला सांभाळणे म्हणत नाहीत. तिने उत्तर दिले होते की येऊन बघ. सगळे नीट दिसले तर वृद्धनिवासाचा विषय सोडतो, असे तो म्हणाला होता. एका माणसाचे उरलेले आयुष्य त्याच्या हनुवटीवर ठरावे, यात दोघांनाही काही वावगे वाटले नव्हते.

थोरल्याने पाठवलेले विजेचे मशीन तिने वापरून पाहिले होते. लुळ्या पडलेल्या उजव्या गालाची कातडी त्यात ओढली गेली. तेव्हापासून मशीनचा आवाज झाला की अण्णा तोंडापुढे मूठ धरत. आज सकाळी तिने वस्तऱ्यांची पेटी मांडीवर ठेवली, तेव्हा ती मूठ उघडली.

पेटीत तीन वस्तरे होते. तिने सगळ्यांत चकचकीत, रुंद पात्याचा उचलला. अण्णांनी तो परत ठेवायला लावला. दुसरा अरुंद पात्याचा, त्यांचा दौऱ्यावरचा, तोही नको. त्यांच्या बोटाने तिसरा दाखवला, मूठ काळवंडलेला, पात्याचे टोक घासून गोल केलेले. यावर ते स्वतः शिकले होते. गोल टोक कातडीत रुतत नाही. म्हणजे निवड वस्तऱ्याची नव्हती. तिच्या हाताची पारख करून झाली होती.

कपाटात तेलाची बाटलीही होती, पण तिला कोणी हात लावला नाही. रोजच्या वस्तऱ्याला तेल लागत नाही. तो पुसायचा, कोरडा करायचा, पट्ट्यावरून फिरवून मिटायचा. तेल लावायचे ते बरेच दिवस मिटून राहणाऱ्या पात्याला. अण्णा दौऱ्यावर निघाले की अरुंद वस्तरा बॅगेत जाई आणि बाकीच्या दोघांना तेल लागे. आई काही सांगायच्या आधीच टेबलावरची बाटली पाहून दोघा भावंडांना कळे: अण्णा चालले.

पट्ट्याचा आवाज आता एकसारखा झाला. तळहात उठला नाही. तिने गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल त्यांच्या तोंडावर ठेवला, ब्रश निथळवून वाटीत साबण फेसला आणि गोल गोल फिरवत दाट फेस लावला. डावा गाल निमूट झाला. उजवा हातात येईना. कातडी पात्यापुढे सुरकुतून पळे. तिने पाते उचलले. तेवढ्यात अण्णांचा डावा हात डोक्यावरून वळसा घेऊन आला, त्याने उजवा गाल कानाकडे ताणून धरला आणि तो वाट पाहत राहिला. चांगला हात कातडी धरणार, दुसऱ्याचा हात पाते. ती पाते ओढत गेली.

गळ्यापाशी पाते पोचले आणि दारात किल्ली फिरली. थोरला वेळेआधी आला होता. तपासणीला अशाच वेळी यायचे असते, हे त्याला अण्णांनीच शिकवले होते.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"दादा, हळू बोल. पातं गळ्यावर आहे."

तो दोन पावले पुढे आला आणि त्याची सावली अण्णांच्या मानेवर पडली.

"उजेड सोड," ती म्हणाली. मान वळवली नाही.

दिवसभर हाताखालच्या माणसांना समोर उभे ठेवणारा तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा राहिला. व्यवस्थापिका बाईंनी पर्स छातीशी धरली. खोलीत फक्त केस तुटल्याचा बारीक करकरणारा आवाज होता. अण्णांनी हनुवटी स्वतःच्या हाताने वर उचलली. पाते खालून वर, मग पुन्हा एकदा, आणि कानाखाली अगदी शेवटच्या ओढीला एक लाल ठिपका उमटला. सगळ्यांनी तो पाहिला. तिने तुरटी दाबून धरली. ठिपका थांबला, पण पाहिला गेला होता.

फेस पुसल्यावर खुर्चीत पुन्हा तो पुलांचा तपासनीस बसला होता, एका बाजूने थोडा कललेला.

बाईंनी चेहरा फार छान निघाल्याचे सांगितले आणि लगेच आवाज मऊ केला. ज्या आवाजात मऊपणा असा मोजून घातलेला असतो, त्याला सभ्य समाजात काळजी म्हणतात.

"पण असं हत्यार, अशा पेशंटजवळ? सुरक्षिततेचा प्रश्न आहे हो. आमच्याकडे हे अजिबात चालत नाही. सगळ्यांची रविवारी मशीननं होते, ओळीनं."

म्हणजे दाढी वाढली होती तेव्हा ती हेळसांडीचा पुरावा होती. आता नव्हती, तर तिचे नसणे धोक्याचा. सुरक्षितता या शब्दाची हीच थोरवी की तो कधीच हरत नाही. धाकटीने वस्तरा टेबलावर ठेवला. आयुष्यात तिने भावाला अडवले होते ते फक्त आज, आणि तेही हातात वस्तरा होता म्हणून.

थोरला हलकेच पुढे झाला. तो दुष्ट नव्हता. तो घाबरलेला होता, आणि कर्तबगार माणसे घाबरली की व्यवस्था करू लागतात. वस्तरे आपण घेऊन जाऊ, अण्णांची आठवण म्हणून जपू, असे त्याने बाईंकडे पाहत सांगितले.

"तेल लावून ठेवतो. गंज नाही चढायचा."

त्याने कपाट उघडले, बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

ठेवताना त्याचा हात क्षणभर बाटलीवरच राहिला.

अण्णांनी बाटलीकडे पाहिले. मग डावे बोट तिच्या बुडाशी लावून ती ढकलायला सुरुवात केली. सावकाश, टेबलाच्या कडेकडे, थोरल्याच्या दिशेने. कडेवर आल्यावरही बोट थांबले नाही. बाटली तोल जाऊन पडणार, तेवढ्यात थोरल्याने ती झेलली.

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारले.

थोरल्याने बाटलीचे बूच घट्ट केले.

"कुठं जायचं नाहीये," तो म्हणाला. "असं म्हणतायत."

बाईंनी धाकटीकडे पाहिले, मग घड्याळाकडे. थोरल्याने बाटली कपाटात परत ठेवली, पूर्वी होती त्याच जागी, आणि दार नीट लागले की नाही ते दोनदा पाहिले.

धाकटीने पाते पुसून कोरडे केले आणि पट्टा ताणला. चिरेच्या अलीकडून, पाठ पुढे, धार मागे. अण्णा खिडकीकडे तोंड करून ऐकत होते. तळहात खुर्चीच्या हातावर होता. तो एकदाही उठला नाही.