फुकटचा हत्ती

मित्रांनो, मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. जुना म्हणजे अस्सल सागवानी, उगाच नाकं मुरडू नका! चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या मालकांनी दुकानातल्या मोडक्या कपाटाच्या फळीतून मला घडवलं.

मालकांना डाव खेळण्यापेक्षा कोडी रचण्याचा नाद. सकाळी जेवणाच्या टेबलावर माझ्यावर सोंगट्या मांडायच्या आणि दुकानात जायचं. कोडं सुटेपर्यंत मला कुणी हलवायचं नाही, हा घरचा नियम. मग काय, मालकीणबाई आणि लेक ताटं मांडीवर घेऊन जेवत. बाई कुरकुरत, पण भाजी ढवळताना त्यांचा एक डोळा माझ्यावरच असे. फार लाड झाले हो माझे!

पुढे लेकीनं कॉम्प्युटर आणला. मालकांनी कित्येक महिने खपून रचलेलं कोडं तिनं त्यात घातलं. काळ्याकडे दोन हत्ती आणि एक उंट. पांढऱ्याकडे प्यादी सोडली तर नुसता राजा. तरी पांढऱ्यानं बरोबरी साधायची होती.

"बाबा, हे चुकलंय. पांढरा हरतोच," ती म्हणाली.

"डोकं चालेनासं झालं माझं," एवढंच पुटपुटून मालकांनी मला कपाटावर ठेवून दिलं. नवं कोडं रचणं बंद. घरी आले की गप्प बसून राहायचे. माझ्यावर धूळ साचली त्याचं काही नाही, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका रविवारी बाईंनी स्टूल घेऊन मला खाली काढलं. कोडं मांडलं. लेकीला म्हणाल्या, "काळे तुझ्या मशीनला दे. पांढरे माझे."

एक काळा हत्ती आयता माराच्या तोंडी उभा होता. बाईंनी त्याला हात लावला नाही; तो मारला असता तर प्याद्यांची भिंत फुटली असती. कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं. झालं! दोन्हीकडची सगळी प्यादी एकमेकांच्या नाकाला नाक लावून अडली. आत शिरायला फट म्हणून उरली नाही. मागे पांढरा राजा आरामात येरझाऱ्या घालू लागला. मशीन हत्ती इकडून तिकडे नाचवत राहिलं आणि आपणच जिंकतोय म्हणत राहिलं, पण डाव काही पुढे सरकेना. बरोबरी!

लेक ओरडली, "बाबा, अहो या इकडे! तुमचं बरोबर होतं!"

मालक आले. अडलेलं एकेक प्यादं बोटानं तपासलं. मग बाईंना म्हणाले, "तुला कसं सुचलं गं?"

"त्यात काय! ज्यानं जन्मात कुणाचा फुकट चहा घेतला नाही, तो मला फुकटचा हत्ती घ्यायला लावेल होय?"

मालकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मलाही भरून आलं.

मित्रांनो, मला ओलं फडकं सोसत नाही, कोरड्यानंच पुसा. आणि आपल्या माणसाला 'तुझं चुकलं' म्हणायच्या आधी, घटकाभर त्याच्या समोर बसून त्याचा डाव खेळून बघा.