डोळे वर ठेवून

भिंगरी सांगितलेलं ऐकत नाही, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. सात वर्षांची पोर, पण एका जागी बसेल तर शपथ. त्यामुळे शिवणकाम करणाऱ्या आत्याने परसातला एक वाफा तिच्या हवाली केला, तेव्हा बाबा हसून म्हणाले, "झालं बटाट्यांचं कल्याण."

आत्याने अट घातली. "नीट उगवलं तर वाफा कायमचा तुझा. नाहीतर मी तिथे मिरच्या लावणार."

भिंगरीला तो वाफा जिवापाड हवा होता. घरात कपाटाचा एक खणसुद्धा तिचा एकटीचा नव्हता.

चिरलेल्या बटाट्यांची टोपली तिच्यापुढे ठेवत आत्या म्हणाली, "डोळे वर ठेवून लाव हं. खाली गेले की उगवायला वेळ लागतो." आणि गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावायला आत निघून गेली.

भिंगरीने मान वर केली ती शेवटची फोड मातीत जाईपर्यंत खाली आणलीच नाही. मान आखडली, नाकावर माशी बसली, एकदा तर बोटच खुरप्याखाली आलं. पण पठ्ठीने आभाळावरची नजर काही काढली नाही.

तीन आठवड्यांनी कोंब वर आले आणि आत्या कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. ओळ नागमोडी निघाली होती, दोन ठिकाणी तर चक्क मागे फिरली होती.

आत्याचा स्वभाव भिंगरीला ठाऊक होता. टीप जराशी वाकडी गेली तरी ती अख्खी शिवण उसवायची. आत्याने खुरपं उचललं तशी भिंगरी धावत वाफ्यासमोर उभी राहिली.

"काय गं, लावताना लक्ष कुठे होतं?"

"वर," भिंगरी रडवेली होऊन म्हणाली. "तूच म्हणालीस ना, डोळे वर ठेवून लाव. मी एकदाही खाली नाही बघितलं."

आत्या वाफ्याच्या कडेला फतकल मारून बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अगं वेडे, बटाट्याचे डोळे. ज्यातून कोंब फुटतो ना, ते खळगे." तिने भिंगरीचं खुरप्याचा वण उरलेलं बोट हातात घेतलं. "आणि म्हणे पोर ऐकत नाही."

मग ती एकेका कोंबाला मातीची भर घालू लागली, ओळ वळेल तिथे स्वतःही वळत.

"उसवणार नाहीस?" भिंगरीने विचारलं.

"जिवंत शिवण कुणी उसवतं का? वाफा तुझा." आत्याने खुरपं तिच्या हातात दिलं. "चल, पुढची भर तू घाल. आणि आता खाली बघ."