पाय धुण्याचे तसराळे

मित्रांनो, जरा अशी कल्पना करा. तुम्ही बूट काढले आहेत, मोजे काढले आहेत आणि पाय कोमट पाण्यात सोडले आहेत. ज्या माणसापासून तुम्ही एक भयंकर गोष्ट लपवली आहे, तोच तुमच्यासमोर गुडघे टेकून तुमचे पाय धुतो आहे. पाणी उबदार आहे. तरी अंगावर काटा येतो, नाही?

मी ते पाहिले आहे. मी एक जुने, रुंद तोंडाचे, पांढऱ्या इनॅमलचे तसराळे आहे. ऑन्टॅरिओतल्या कारखान्यात माझा पत्रा दाबून वाकवला, लेप देऊन भट्टीत भाजला आणि आगगाडीने मला मॅनिटोबाच्या सपाट मुलखात पाठवले. तिथल्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीने मला विकत घेतले ते भाजी धुवायला नव्हे. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ही माणसे वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या विधीनंतर, एकमेकांचे पाय धुतात. श्रीमंत गरिबाचे धुतो, गरीब श्रीमंताचे. शेजाऱ्याविषयी मनात काही डाचत असेल तर आधी ते बोलून मोकळे व्हायचे, मगच पाण्यात पाय घालायचा, असा नियम.

तीस वर्षांत मी किती तऱ्हेचे पाय पाहिले! भेगाळलेले, सुजलेले, थंडीने बोटे गमावलेले. बायका मला सोड्याने घासत आणि म्हणत, "चर्चमधलं सगळ्यात नम्र भांडं आहे हे." ते ऐकून मला अभिमान वाटे. नम्रपणाचा अभिमान! हसू नका, माणसांनाही तो होतो.

एरवी माझा मुक्काम कॉर्नेलियस केलर यांच्या स्वयंपाकघरात, फळीवर असे. केलर मंडळीचे सेवक, म्हणजे चर्चची कामे आणि सामान सांभाळणारे. गावातल्या आया मुलांना सांगत, "केलरकाकांसारखं व्हा. दारू नाही, शिवी नाही, शब्दाला पक्के." त्यात काही खोटे नव्हते. ते पहाटे उठत, प्रार्थना चुकवत नसत, आणि त्यांच्या शेतातला गहू सगळ्यांत उंच असे.

गाव आणि नदी यांच्यामध्ये मातीचा बांध होता. ज्याचे शेत, त्याने आपल्यापुरता बांध राखायचा. एका शरद ऋतूत पाऊस थांबेना. केलरांच्या शेतात पाणी तुंबले. पीक कुजू नये म्हणून त्यांनी बांध फोडला आणि पाणी नदीत काढून दिले. मग खिंडार नीट बुजवायच्या आतच कडाक्याची थंडी पडली.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांची दहा वर्षांची मुलगी नेटा बरोबर होती. ती शेतावर भाकरी घेऊन गेली होती.

"पपा, खिंडारात पेंढा कशाला भरलात?"

"वर माती टाकलीय ना? गोठली की दगड होईल दगड. वसंतात नीट भरीन." हात धुता धुता ते थांबले. "आणि नेटा, हे कुणाजवळ बोलायचं नाही हं."

हिवाळाभर तो बांध खरोखरच दगडासारखा राहिला. मग बर्फ वितळू लागले. नदीवरचा थर रात्रंदिवस कडकडत फुटत होता आणि पाणी रोज वीतभर चढत होते. केलर एकदा फावडे घेऊन निघाले, पण वाटेत दोघेजण भेटले, ते काही विचारतील या भीतीने तसेच परत आले. पाळकांनी मंडळीला विचारले, "आपापला बांध सगळ्यांनी तपासलाय ना?" सगळ्यांचे हात वर गेले. केलरांचाही गेला. हे त्यांच्या बायकोने घरी कौतुकाने सांगितले, तेव्हा त्यांनी ताटातला घास तसाच ठेवला.

त्यांच्या बांधाच्या अगदी खाली म्हाताऱ्या याश हीबर्टचे घर होते. त्याची बायको त्रूदा दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली.

पाय धुण्याचा रविवार आला. चर्चमध्ये मला पुरुषांच्या बाजूला ठेवून माझ्यात किटलीतले पाणी ओतले. एवढ्यात नेटा दारातून धावत आली. तिच्या बुटांतून चिखल गळत होता. ती वडिलांच्या कानाशी कुजबुजली,

"पपा, बांधातून पाणी येतंय. गढूळ येतंय."

"नंतर बोलू. जा, मुलांत बस."

केलरांसमोर बसला नेमका याश. त्याने माझ्यात हात बुडवले आणि केलरांचा पाय धरला.

"काय रे केलर, पाय आहेत की लोण्याचे गोळे! चालतोस कधी, का नुसता प्रार्थनाच करतोस?" आजूबाजूचे हसले. "माझे धुताना मात्र नाक धर बाबा. त्रूदा म्हणते, यापेक्षा डुकरं बरी. पाणी उतरू दे, तिला अंगणात उन्हात बसवणार आहे. तुझा बांध आहे म्हणून झोप लागते रे आम्हाला."

मित्रांनो, पाणी कोमट होते, पण त्यातला पाय बर्फासारखा गार पडला.

तेवढ्यात नेटा बाकांमधून चालत पुढे आली. "ए पोरी, इकडे काय तुझं?" कुणीतरी दटावले. तिच्या तोंडून एक वाक्य निघाले असते तर सगळे कळले असते. पण तिने वडिलांचा हात धरला.

"पपा, तुम्हीच सांगा. मी इथे उभी आहे."

केलरांनी तो हात घट्ट धरला.

"याश," केलर म्हणाले, "माझ्या बांधात खिंडार आहे. पेंढ्यानं बुजवलंय. मी हात वर केला तो खोटा होता."

याशच्या हातात अजून त्यांचा पाय होता. तो त्याने हळूच खाली सोडला. "ऊठ. फावडं घे. शिव्या नंतर देतो."

पुरुष धावले, काही तर अनवाणीच. याश आणि दोघे तरुण त्रूदाला फळीवर निजवून चर्चमध्ये घेऊन आले. याशच्या अंगणात तोवर घोटाभर पाणी झाले होते.

मित्रांनो, पहाटे उठणे, कष्ट, नेमाची प्रार्थना, हे सारे केलरांजवळ होते. माणसाचे जीवन त्याने उभे राहते, आणि तुम्हीही ते शिकाच. पण प्रभूपुढे वाकणारे गुडघे शेजाऱ्यापुढे वाकले नाहीत, तर बाकीचे सगळे गोठलेल्या मातीसारखे असते. ऊन पडेपर्यंतच टिकते. तुमच्या मनात असे एखादे खिंडार असेल, तर नदी चढायची वाट पाहू नका. आजच जाऊन सांगा. एकट्याने धीर होत नसेल, तर कुणाचा तरी हात धरा.

नेटा त्रूदाच्या उशाशी बसली होती. म्हातारी तिच्यावर डाफरली, "माझ्याजवळ काय बसलीस गं? मी कुठे पळून जातेय? हात आहेत ना तुला दोन?"

नेटाने इकडेतिकडे पाहिले. फावडी, बादल्या, सगळे बांधावर गेले होते. तिने मला उचलले, माझ्यातले पाणी पायऱ्यांवर ओतून दिले, चर्चच्या अंगणातल्या मातीच्या ढिगात मला खुपसून काठोकाठ भरले, आणि पोटाशी धरून बांधाकडे धावत सुटली.