डाव्या कोपऱ्यातला उजेड

देवबागला दत्तारामच्या घरी पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत आणि पाचव्या खोलीत पिनबॉलचं यंत्र आहे. ज्यांनी ते पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार पायांवर उभी, आपल्याकडे उतरती असलेली एक लांबट पेटी, वर काच, आत एक पोलादी गोळी. गोळी उताराने खाली येते. खाली वल्ह्यांसारखे दोन छोटे पंखे असतात; बाजूची बटणं दाबून ते हलवायचे आणि गोळी पुन्हा वर पाठवायची. दोन पंख्यांच्या मधून निसटली की गेली. एका डावाला तीन गोळ्या.

दत्ताराम बोटीवर नोकरीला होता. गोव्यातलं एक हॉटेल बंद पडलं तेव्हा त्याने हे धूड टेम्पोत घालून आणलं. बायको सुगंधा दारात उभी राहून म्हणाली होती, "फ्रिज हाडूक सांगितलंय, ह्यां काय हाडलास?" पण लेकीने, गौरजाने, त्याच दिवशी त्याचा ताबा घेतला. तेव्हा ती पाचवीत होती आणि माझ्याकडे विज्ञान शिकायला यायची. आता ती अठरा वर्षांची आहे. मी जामसंड्याच्या शाळेतून निवृत्त होऊन इथे येऊन राहिलो, त्यालाही दहा वर्षं होतील.

त्या यंत्राचा वरचा डावा कोपरा काळोखा होता. गोळी तिथे शिरली की दोन सेकंद दिसेनाशी होई आणि मग कुठून बाहेर पडेल ते सांगता येत नसे. दत्ताराम डाव्या बाजूला, पेटीच्या कडेवर कोपर टेकून उभा राही. गोळीचा आवाज त्याला पाठ होता. ती बाहेर पडायच्या वेळी तो एक बोट उचली, ते बघून गौरजा बटण दाबी. बापलेकीला त्या यंत्रावर कोणी हरवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी कर्ली नदीच्या मुखाशी होडी उलटून दत्ताराम गेला. सुगंधाने त्यानंतर त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. गौरजा मात्र रोज खेळत होती, आणि पूर्वीसारखीच जिंकत होती.

या वर्षी दिवाळीनंतर तिथे पिनबॉलची स्पर्धा ठरली. पणजीचा निलेश पंच म्हणून आठवडाभर आधी यंत्र बघून गेला. मुलगा नम्र, पण नियमाचा पक्का. कोपरा बघून म्हणाला, अशा अंधारात स्पर्धा घेता येणार नाही. जादा दिवे लावा. सगळ्या खेळाडूंना सारखा उजेड मिळाला पाहिजे, कोणी आपला दिवा आणायचा नाही, आणि एकदा बसवलेला दिवा शेवटपर्यंत हलवायचा नाही. मध्येच दिवा गेला तर ती गोळी पुन्हा खेळायची. हे जमलं नाही तर यंत्र बाद. जिंकणाऱ्याला पुण्याच्या अंतिम फेरीत जागा होती. काम साहजिकच माझ्याकडे आलं.

मी वायर मोजत होतो तेव्हा गौरजा दार लोटून आत आली. डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मास्तरांनू, सगळीकडे लावा. थंय तेवढो नको."

"कशाक गो?"

"थंय बाबा दिसतत."

मी तिला दटावलं नाही. मुलांनी सांगितलेलं आधी ऐकून घ्यावं, मग तपासून बघावं, हे मी चाळीस वर्षं करत आलो. सातवीच्या वर्गाला मी खिडकीचा प्रयोग सांगायचो. बाहेर काळोख आणि आत दिवा असला की खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं. बाहेर ऊन पडलं की तीच काच पारदर्शक होते. यंत्राची काचही तशीच. कोपऱ्यात काळोख आहे, म्हणून काचेत पलीकडच्या भिंतीचं प्रतिबिंब पडतं, आणि त्या भिंतीवर दत्तारामची तसबीर होती. मी ती खिळ्यावरून काढली, कापडात गुंडाळली आणि बाहेर ओसरीवर नेऊन ठेवली. परत येऊन गौरजाच्या जागी उभा राहिलो.

भर दुपार होती. उन्हाची तिरीप काचेवर पडू नये म्हणून खिडक्यांना जाड चादरी लावल्या होत्या. भिंत कोरी होती. काचेत, डाव्या कोपऱ्यात, चौकड्यांच्या शर्टाची बाही होती आणि तिच्या टोकाशी एक बोट.

मी मान वळवून डावीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"दिसले ना?" गौरजाने विचारलं. ती घाबरलेली नव्हती. घाबरलो होतो मी, आणि मला त्याचं कारण माहीत होतं.

आमच्याकडे कोणत्याही कामाआधी गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, हाक मारायची, मागणं मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी होकार दिला म्हणजे ते मागणं पोचलं. दत्तारामच्या बाराव्याला त्याच्या भावाला शब्द फुटेना, तेव्हा नारळ माझ्या हातात दिला. समोर सोळा वर्षांची पोर भिंतीला टेकून बसली होती. तिच्याकडे बघून मी गेलेल्यालाच इथे राहायला सांगितलं: बा दत्तारामा, हंयच रव, ह्या घराचो राखणदार हो. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. सगळ्यांत मोठ्याने गौरजा.

शेजारची म्हातारी शेवंती नंतर मला विहिरीजवळ गाठून म्हणाली होती, "मास्तरा, शिकलंस तां फुकट. देवाक रव म्हणतत. मेलेल्याक वाट दाखवतत." मी हसून विषय टाळला. पोरीला धीर देणं मला तेव्हा जास्त महत्त्वाचं वाटलं होतं.

त्या दुपारी मी काच काढून काचेखाली दोन्ही कडांना दिव्यांची पट्टी चिकटवली. वरून दिवा टांगला तर तोच काचेत चमकतो, म्हणून आतून. डाव्या कोपऱ्यातला जुना बल्ब जळाला असेल असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. तो नुसता सैल होता. मी पिळला, लागला. काच बसवली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. सकाळी जाऊन बघतो तो बल्ब पुन्हा सैल. तिसऱ्या दिवशीही तेच. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली होती. गौरजाला विचारलं तर तिने नकारार्थी मान हलवली. ती खोटं बोलत नाही.

मग मी तिला बसवून बाराव्याची माझी चूक सांगितली. शिक्षकाने चूक कबूल केली की मुलं फार लक्ष देऊन ऐकतात. गौरजा म्हणाली, "तो गेलो तर माका कोण सांगतलो, कधी मारूचा तां?"

"उजेडात तुझे डोळे सांगतले."

"माका डोळे नको," ती म्हणाली. "माका तो व्हयो."

मी काच काढून बल्ब पुन्हा पिळला.

स्पर्धेच्या सकाळी मी यंत्रापुढे नारळ ठेवला. बाहेरून आलेल्या खेळाडूंना हे गंमतीचं वाटलं, तेही आमच्या मागे उभे राहिले. मी म्हणालो, बा दत्तारामा, तुका मीच थांबवलंय, चूक माझी, पोटात घाल. व्हय म्हाराजा. आता तू मोकळो. तुझ्या वाटेक लाग. व्हय म्हाराजा. पुण्यामुंबईची पोरंसुद्धा चालीवर म्हणाली. गौरजाचे ओठ मिटलेले होते.

डाव सुरू झाले. पट्ट्या लागल्या होत्या, कोपऱ्यातला बल्बही. कोपरा एवढा साधा निघेल असं वाटलं नव्हतं: दोन रबरी कडी, थोडा उडालेला रंग, एका बोटीचं चित्र. बाहेरची मुलं तिथून गोळी सहज काढू लागली. गौरजा अडखळत होती, तरी जुन्या सवयीवर शेवटपर्यंत पोचली. अंतिम डावात पुण्याच्या मुलाच्या तीन गोळ्या झाल्या तेव्हा ती थोडी मागे होती आणि तिची एक गोळी शिल्लक होती.

ती गोळी तिने छान धरून ठेवली. अंतर कमी होत गेलं. मग गोळी डाव्या कोपऱ्यात शिरली आणि डावी पट्टी विझली. बल्बही विझला. उजवी बाजू लख्ख होती, डावीकडे पूर्वीसारखा काळोख.

मी तिच्या उजव्या खांद्यामागे होतो. काचेत चौकड्यांची बाही मला दिसली. गोळी आत खडखडत होती. बोट उचललं गेलं, नेहमीसारखं, अगदी वेळेवर.

गौरजाने बटण दाबलं नाही. तिचे दोन्ही हात कडेवर तसेच होते. ती काचेकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."

गोळी दोन पंख्यांच्या मधून खाली गेली. पट्टी लागली.

निलेश पुढे झाला. त्याने नियम सांगितला: दिवा गेला होता, ही गोळी पुन्हा खेळायचा तिला हक्क आहे. पुण्याच्या मुलानेही मान डोलावली. गौरजा निलेशशी शुद्ध मराठीत बोलली. "नको. मला दिसत होतं. माझी गोळी गेली."

तिचा दुसरा नंबर आला. माणसं मासळीच्या जेवणाला ओसरीवर गेली, निलेशने यंत्र बंद केलं, आणि खोलीत गौरजा आणि मी दोघंच उरलो. मी चादरी सोडवत होतो. तासाभराने दारात सुगंधा दिसली. उंबऱ्याशी थोडा वेळ थांबली, मग आत आली. यंत्राला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि दमलेलं माणूस टेकतं तशी कडेवर कोपर टेकून उभी राहिली.

"तो खंय उभो रवायचो गो?" तिने विचारलं.

"थंयच," गौरजा म्हणाली. "तू आसस थंय."

सुगंधाने कोपर उचललं, त्या जागी तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "मास्तरांनू, दिव्यान ही कड इतकी गरम होता?"

दिवे बंद होऊन तास उलटला होता. बाकीची पेटी मी हात लावून बघितली, गार होती.

"होता कधी कधी," मी म्हणालो. चाळीस वर्षांत मुलांना मी चुकीचं उत्तर जाणूनबुजून कधी दिलं नव्हतं. गौरजा माझ्याकडे बघत होती. तिने मला दुरुस्त केलं नाही. आईच्या हाताशेजारी तिने आपला हात ठेवला, आणि ती जागा गार होईपर्यंत दोघी तशाच उभ्या राहिल्या.