गप्प बसायचा तास

“ताट आणलंय, पळी आणलीय, आन् आता म्हणता वाजवायचं न्हाई? मग मला काय शोभेला बोलावलं व्हय, मॅडम?”

ललिताचा आवाज चढला तशी पोरं फिसकन हसली. अनुपमा मॅडमही हसल्या, पण त्यांचं अर्धं लक्ष ओढ्याकडे होतं. शाळेमागच्या शेतातली ऊसतोड नुकतीच झालेली, त्यामुळे पोरं बसली होती त्या करंजाच्या झाडापासून ओढ्यापर्यंत सगळं मोकळं. ओढ्यापलीकडे मात्र ऊस उभा होता, माणूस बुडेल एवढा.

“थोडाच वेळ, ताई. मुलांनी डोळे मिटून गप्प बसायचं आणि मग काय काय ऐकलं ते सांगायचं. आजचा धडाच तो आहे.”

“डोळेबी मिटायचे?” ललितानं कपाळाला हात लावला. “अगं माय गं!”

आता सांगा, तिचं काय चुकलं? मांडवगणच्या अंगाला, भीमेकाठच्या या वस्त्यांवर बाहेर पडायचं म्हणजे आवाज करतच पडायचं, अशी रीत होऊन बसलीय. बाया खुरपायला जातात त्या मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून. म्हातारी माणसं काठीला घुंगरू बांधतात. पोरांना घरात पहिला धडा मिळतो तो हाच, की बोलत चाल, वाकू नको, एकटं मागं राहू नको. बिबट्या माणसांच्या गलक्याला बिचकतो म्हणतात. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. आणि शाळेनं नव्या वेळापत्रकात काय घातलं, तर दर आठवड्याला एक तास शेतात बसायचं, आणि आज तर तोंड मिटून!

पालकांनी आधी साफ नाही म्हटलं होतं. मग शाळा समितीचे अध्यक्ष पोपटराव मध्ये पडले. दर खेपेला कुणातरी एका पोराच्या घरचं माणूस ताट-पळी घेऊन राखणीला येईल, नाही आलं तर तास रद्द, असं ठरलं. आज पाळी ललिताची होती. नवरा ज्ञानदेव कुरकुंभच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला, तो हेल्मेट न काढताच म्हणाला, “न्हाई गेलीस तरी चालतंय. तास रद्द हुईल, बास.”

तिच्याही मनात तेच होतं. पण तिसरीतली सृष्टी दप्तर पाठीला लावून उंबऱ्यात उभी होती. “आई, तू आलीस तर मीबी बाहेर बसंन,” ती म्हणाली. ते ऐकल्यावर ललितानं ताट घेतलं.

कारण सृष्टी बाहेर बसतच नव्हती. गेल्या वर्षी मायलेकी कांदे काढून घरी परतत होत्या. दोघी दमलेल्या, तोंडातून शब्द नाही. मागून त्यांचं कुत्रं येत होतं, टिप्या. उसातून काहीतरी आलं आणि गेलं. टिप्या धड केकाटलासुद्धा नाही. वळून बघितलं तर वाट रिकामी. सृष्टीच्या हातभर मागे होता तो! त्या दिवसापासून ललिता पोरीला शाळेत सोडायची, आणायची, ती ताट बडवत. वस्तीवरची पोरं ओरडायची, “वरात आली रं, वरात!” ओरडेनात का. पण सृष्टी अंगणात खेळेना. बाहेरचा तास असला की शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गीताबाईंच्या खोलीत जाऊन बसे, दाराला कडी लावून. आपण ताट बडवून बडवूनच पोरगी भित्री केली की काय, या विचारानं ललिताचा जीव अर्धा होई. आणि तरी हात थांबत नसे.

“चला, डोळे मिटा,” मॅडम म्हणाल्या.

सगळं गप्प झालं. इतकं गप्प शेत ललितानं वर्षभरात ऐकलं नव्हतं. ती पोरांच्या मागे उभी राहिली, तोंड उसाकडे, एका हातात ताट, दुसऱ्यात पळी. लांब कुठेतरी मोटर चालू होती.

तेवढ्यात ओढ्यापलीकडे उसाचं वाळलेलं पाचट वाजलं.

एकदा वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. उसाचे दोन-चार शेंडे हलले. वारा तर काहीच नव्हता. ललितानं पळी उचलली. एक टोला, की पोरं उठून शाळेकडे पळणार. तिनं सृष्टीकडे बघितलं. पोरगी मांडी घालून ताठ बसली होती आणि तिचे डोळे खरोखरच मिटलेले होते. शेजारी बसलेला संघर्ष नावाचा पोरगा लबाडीनं एक डोळा किलकिला करून बघत होता, पण सृष्टी नाही. आता टोला दिला तर ही परत कधी बाहेर बसणार नाही. आणि नाही दिला तर?

उसातून तितरांची जोडी भुर्रकन उडाली. ती कशानं उठली, ते काही कळलं नाही. ललिता तशीच उभी राहिली, पळी ताटाला टेकवून, डोळे त्या जागेवर रोखून.

“उघडा डोळे! सांगा बरं, काय ऐकलं?”

“मोटर!” “साळुंकी!” “संघर्षचं पोट वाजलं, मॅडम!” एकच गिल्ला झाला.

“आणि सृष्टी, तू?”

“ताट,” सृष्टी म्हणाली.

“ताट कुठं वाजलं गं, येडे?” संघर्ष म्हणाला.

“वाजत व्हतं. बारीक, खडखड. आईचा हात कापत व्हता.”

ललितानं पळी पदराखाली घेतली.

“मग तुला भीती वाटली का?” मॅडमनी हळूच विचारलं.

“वाटली की. पर ताट वाजतंय तवर आई मागं हाय, म्हाईत व्हतं. म्हणून उघडलेच न्हाईत डोळे.”

शाळा सुटल्यावर मायलेकी घरी निघाल्या. तोड झालेलं रान संपेपर्यंत ललितानं ताट काखेतच ठेवलं. उभा ऊस जवळ आला तशी सृष्टी थांबली आणि तिनं आईपुढे हात केला. ललितानं पळी तिच्या हातात दिली.

“वाजव,” ती म्हणाली, आणि तिनं ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.