मागे वळलेले कान

कुंचल्याच्या टोकाशी शाईचा थेंब जमला होता, पडू की नको अशा बेतात, आणि मुग्धाचा हात कागदावर तसाच अधांतरी. हा चिनी कागद टिपकागदासारखा शाई पितो, खोडायची सोय नाही. जुमेरा लेक टॉवर्समधल्या चित्रकलेच्या वर्गात लिन मॅडम दर शनिवारी बजावतात — जनावर काय करतंय ते काढू नका, पुढच्या क्षणी काय करणार आहे ते काढा. पाठ एका फटकाऱ्यात, बाकीचा कागद कोरा सोडायचं धाडस ठेवा... धाडस.

तिला उन्हात पसरलेलं मांजर काढायचं होतं. पाठ उतरली ती आखडलेली. पाय पोटाखाली घेतलेले, आणि कान तर हातानं आपोआपच मागे वळवले.

शुभ्रा, तिची मुलगी, दुधाचा ग्लास घेऊन वाकली. “इट्स लिसनिंग फॉर बाबा,” ती सहज म्हणाली आणि जाता जाता टीव्ही बंद करून खोलीत गेली.

बंद का केला? कुणी शिकवलं हे हिला? नवऱ्यानं, वेदांगनं, कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. तो फक्त बोलणं थांबवायचा — सांडलेल्या आमटीवरून, एखाद्या साध्या प्रश्नावरून — आणि मग कित्येक दिवस घर चवड्यांवर चालायचं. पुण्यात निदान आईकडे जाऊन बसता यायचं. इथे परदेशात, अल मजाजच्या चौदाव्या मजल्यावरून खाली खाडीचं पाणी दिसतं, बस्स. आईला फोनवर सांगू काय? तो बोलत नाही म्हणून?

बाहेर लिफ्ट थांबली. एरवी एव्हाना टेबल पुसलेलं असायचं. ती आवरायला उठली, पण ओला कागद उचलला तर फाटला असता... ती परत बसली.

वेदांगनं लॅपटॉपची बॅग खुर्चीवर ठेवली. “जेवायच्या टेबलावर काय हे?”

“मांजर.”

त्यानं जरा वेळ पाहिलं. “घाबरलंय का ते?”

“हो. घाबरलंय.”

तो थांबला, नेहमीसारखा, तिनं पुढचं म्हणावं म्हणून — सॉरी, लगेच आवरते, चहा टाकू? सगळे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले, तिथेच राहिले. तिनं कुंचला पाण्यात बुडवला. तो अजून वाट पाहत होता, आणि तरीही तिला उठावंसं वाटत नव्हतं.