ट्रेलरला वळायला जागा

माझ्या धाकट्या दिरांना जागेतलं फार कळतं, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर सध्या लोक कशाला भुललेत एवढंच त्यांना कळतं. कुठल्याशा परिषदेला जाऊन येतात आणि पुढची परिषद येईपर्यंत तिथलंच ऐकवत बसतात. मध्यंतरी गोदामांचं वेड होतं. जेवायला बसले तरी तेच. "वहिनी, आता गोदामाची लांबीरुंदी कोणी विचारत नाही, उंची विचारतात. माल हवेत रचतात." मी वाढत राहायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

जमीन सासऱ्यांनी दोघा भावांच्या नावे ठेवली होती. पुढे मोकळी, आणि मागे आमच्या ह्यांचा लेथचा, लोखंड कातायच्या यंत्राचा गाळा. गिरण्यांचे, पंपांचे झिजलेले दांडे यायचे आणि नव्यासारखे होऊन जायचे. गिऱ्हाईक मी सांभाळायचे. केसाएवढा फरक राहिला तरी हे तो तुकडा भंगारात टाकायचे आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचे, मग बोलणी मी खायची.

"पुढे गोदाम उभारू, दादा. तुझा गाळा हलणार नाही," भाऊजी म्हणाले. मी ह्यांना म्हटलं, लेखी घ्या. "सख्खा भाऊ आहे तो," म्हणाले, आणि भावाने आणलेल्या कागदांवर सही करून मोकळे झाले.

गोदाम झालं. पांढरंफटक, बिनखिडक्यांचं, आमच्या गाळ्यावर दुपारपासूनच सावली टाकणारं. त्यात कोण येणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हल्ली असंच करतात म्हणे, आधी बांधायचं, मग गिऱ्हाईक शोधायचं. मग एकदा भाऊजी नकाशा घेऊन आले. लांब ट्रेलरला वळायला मागे जागा कमी पडत होती. गाळा पाडावा लागणार होता.

"तुला दुसरा देईनच की, दादा. जरा थांब."

हे मूग गिळून बसले. मी बोलले, पण माझ्या बोलण्याला त्या नकाशात जागा नव्हती.

जमिनीत पक्की बसवलेली लेथ उचलताना भाऊजींच्या माणसांनी साखळी नेमकी आट्यांच्या लांब दांड्याला अडकवली. बोल्टला आटे सारख्या अंतरावर पडणार ते त्या दांड्याच्या जोरावर. हे ओरडत धावले, तोवर क्रेनने ओढ घेतली होती. दांडा वाकला.

"रंग देऊन घेऊ," भाऊजी म्हणाले.

ट्रेलर एकही आला नाही. त्याच रस्त्याला आणखी दहाजणांनी तसलीच गोदामं उठवली होती, सगळी रिकामी, सगळ्यांच्या दारात पहारेकरी. हे घरी बसून दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचे.

पुढच्या परिषदेतून भाऊजी नवीन मंत्र घेऊन आले. आता म्हणे लहान गाळ्यांना दिवस आलेत. हातांनी काम करणारी माणसं, छोटे कारखाने, सगळे पैसेवाले त्यांच्याच मागे. ऐकून मला शिसारी आली. गोदामाच्या एका कोपऱ्यात पातळ भिंती घालून त्यांनी नमुन्याचा गाळा केला आणि मधोमध आमची लेथ मांडली, निळ्या रंगात रंगवून.

"दादा, पैसे गुंतवणारे पाहुणे येतील तेव्हा फक्त उभा राहा. ते गेले की गाळा तुझा."

पाहुणे यायच्या दिवशी ह्यांनी दोनदा दाढी केली.

पाहुण्यांत एक बाई होत्या, सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "काहीतरी बनवून दाखवा ना." ह्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी मान डोलावली. ह्यांनी मशीन सुरू केलं, एका बोल्टला आटे पाडले. कुठे दाटीवाटीने, कुठे लांब लांब. जगातला कुठलाही नट त्यावर चढला नसता. ह्यांनी तो फडक्याने पुसला आणि बाईंच्या हातावर ठेवला.

"किती सुंदर," त्या म्हणाल्या, आणि तो पर्समध्ये टाकून निघाल्या.

गाड्या गेल्यावर ह्यांनी गाळ्याची किल्ली मागितली.

"अरे, हा नमुना आहे," भाऊजी म्हणाले. "अजून किती पाहुणे यायचेत. आणि खरं काम सुरू झालं की तेल, आवाज, बाकीचे भाडेकरू टिकतील का? तुला मी नोकरीच देतो. कपडे आमचे. पाहुणे आले की मशीन फिरवायचं, बस."

"भाऊजी, जनाची नाही तर मनाची तरी?" मी म्हटलं.

"वहिनी, सगळीकडे हेच चाललंय आता."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता तरी तोंड उघडतील, म्हणून वाट पाहिली. ह्यांनी फडक्याला हात पुसले, ते नीट घडी करून मशीनवर ठेवलं.

"रोज यायचं," ह्यांनी भावाला विचारलं, "की पाहुणे असतील तेव्हाच?"

भाऊजींची किळस मला सवयीची झाली होती. ही नवी होती, आणि ती घेऊन मला ह्यांच्याच शेजारी बसून घरी जायचं होतं.